यंत्र कोणाच्या हाती?

माथेरानच्या लाल वाटांवर माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली. या आदेशाचा एक भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. हातरिक्षेच्या जागी येणारी ई-रिक्षा ती ओढणाऱ्यांनाच भाड्याने मिळावी, असे न्यायालयाने बजावले. निधी नाही ही सबबही अमान्य केली. यंत्र आले की श्रम हलके होतात, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकविले जाते. ते यंत्र कोणाच्या हाती जाते यावर श्रमिकाचे भवितव्य ठरते, हा दुसरा धडा मात्र पुष्कळदा राहून जातो.

माथेरान, नेरळ, कर्जत आणि खालापूर या टापूतील एखाद्या तरुणाने संगणकावर चित्रपटाची दृश्ये घडविण्याची विद्या शिकण्याचे ठरविले, तर त्याच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. या विद्येला व्हिज्युअल इफेक्ट्स म्हणतात आणि तिच्या शेवटच्या टप्प्याला कंपोझिटिंग. चित्रपटव्यवसाय या टापूला नवा नाही. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये येथे उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत 'जोधा अकबर'चे महाल लाकूड, प्लास्टर व रंग यांतून उभे राहिले होते. सुतार आणि रंगारी यांच्या हातून होणाऱ्या अशा कामाचा मोठा वाटा आता संगणकाकडे गेला आहे.

कंपोझिटिंग म्हणजे निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वेळी निर्माण झालेल्या चित्रांची एकजीव जोडणी. नट हिरव्या पडद्यासमोर उभा असतो, डोंगर दुसरीकडे चित्रित झालेला असतो आणि आग संगणकाने निर्मिलेली असते. हे सारे एकाच क्षणी, एकाच उजेडात घडले असे प्रेक्षकाला वाटले पाहिजे. ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. दादासाहेब फाळके यांनी 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) यांत कॅमेऱ्याच्या करामतींनीच प्रेक्षकांना थक्क केले होते. फाळक्यांच्या काळी ही किमया एका माणसाच्या हातात एकवटली होती. आज तिचे श्रमविभाजन होऊन ती अनेक देशांत विखुरली आहे.

या विभाजनात आपल्या वाट्याला मोठ्या प्रमाणावर आले ते तळचे काम. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणजे पाच सेकंदांच्या दृश्यात १२० चित्रे झाली. नटाची बाह्यरेषा या चित्रांतून आखत जाणे याला रोटोस्कोपी म्हणतात. तारा, दोर आणि नको असलेल्या वस्तू पुसून काढणे हे त्याच्याच जोडीचे काम. परदेशी चित्रपटांचे असे काम मुंबई, हैदराबाद, बंगळूर येथे आले, कारण ते चिकाटीचे होते आणि येथील वेतन कमी होते. नवशिका या पायरीवर काही वर्षे काढी, हळूहळू त्याची नजर तयार होई आणि मग तो कंपोझिटर होई. आता बाह्यरेषा आखण्याचे पुष्कळसे काम यंत्रबुद्धी करू लागली आहे. जी पायरी कंटाळवाणी होती, तीच उमेदवारीचीही होती. ती निखळली तर वरच्या पायरीवर माणसे येणार कोठून, याचे उत्तर या व्यवसायाला द्यावे लागेल.

वरची पायरीही फार भक्कम आहे असे नाही. 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटाच्या दृश्यकरामतींना २०१३ च्या फेब्रुवारीत ऑस्कर मिळाले, पण ते काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने त्याच्या थोडेच दिवस आधी दिवाळखोरी जाहीर केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर समूह कोसळला, तेव्हा मुंबई-बंगळूरमधील कर्मचारीही एकाएकी रस्त्यावर आले. या धंद्यात काम ठरलेल्या रकमेला घेतले जाते. नंतर सुचविलेल्या फेरफारांचा भार बहुधा कंपनीवर आणि अखेरीस तिच्या कामगाराच्या रात्रपाळीवर पडतो. वैभव पडद्यावर दिसते, जोखीम मात्र खाली झिरपते.

मग नोकरदार पालकाने कर्ज काढून मुलाला या वाटेला लावूच नये काय? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. शुल्क भरताना आपण नेमके काय विकत घेत आहोत, एवढे त्याने जरूर पाहावे. केवळ सॉफ्टवेअरची बटणे शिकविणाऱ्या वर्गाचे मोल झपाट्याने घटणार आहे. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. व्यवसायात रूढ असलेल्या न्यूकचीही अव्यावसायिक वापरासाठी विनामूल्य आवृत्ती आहे. दुर्मीळ आहे ती नजर. पावसाळ्यात माथेरानच्या कड्यावर उभे राहिले म्हणजे जवळच्या झाडाचे खोड काळेभोर दिसते, तर दूरच्या डोंगराची काळी कपार धुक्यातून राखाडी भासते. अंतर वाढते तसतसा काळा रंग फिकट होत जातो. उन्हाळ्यात लाल मातीवरून उसळलेला उजेड चालणाऱ्याच्या हनुवटीखाली तांबूस छटा उमटवितो. जोडलेले चित्र खोटे का वाटते, हे अशा निरीक्षणांवरूनच कळते. आणि यंत्राने दिलेल्या चित्रातली चूक ओळखण्यासाठीही हीच नजर लागते.

तथापि सारी जबाबदारी विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्याच वर्षी मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचे कामही सुरू झाले. या खटाटोपाचे यश इमारतींवरून व गुंतवणुकीच्या आकड्यांवरून मोजू नये. निखळलेल्या पायरीच्या जागी सवेतन उमेदवारी मिळते काय, कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांत सामायिक प्रयोगशाळा उभी राहते काय आणि खासगी वर्गांना आपल्या किती विद्यार्थ्यांना कोणत्या वेतनावर काम मिळाले हे जाहीर करावे लागते काय, या कसोट्या लावाव्यात.

रिक्षा ओढणाऱ्याच्या खांद्यावरचे ओझे उतरावे आणि नव्या वाहनाची किल्लीही त्याच्याच हाती पडावी, एवढी न्यायबुद्धी माथेरानच्या बाबतीत दाखविली गेली. ती किल्ली खरोखर त्या हाती पडते की नाही, हे पाहणे जितके अगत्याचे आहे, तितकेच त्याच डोंगराच्या पायथ्याशी संगणकापुढे बसणाऱ्या पोराच्या बाबतीतही आहे.