जुन्या पॉवरपीसी संगणकाचा प्रारंभ

तारापूरच्या अणुविद्युत् केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. ज्या केंद्रातून शेकडो मेगावॅट वीज बाहेर पडते, त्याला स्वतःच्या प्रारंभासाठी मात्र आधी बाहेरची वीज घ्यावी लागते. पाणी फिरविणारे पंप, नियंत्रक दांडे हलविणारी यंत्रणा, मापनाची उपकरणे ही सर्व परक्या विजेवर चालू झाल्याखेरीज अणुभट्टी आपल्या शक्तीवर येऊ शकत नाही, आणि येते तीही एकदम नव्हे, तर एकेक टप्पा पार पाडीत, मागल्या टप्प्याची खातरजमा झाल्यावरच पुढल्यास परवानगी देत. प्रत्येक संगणक चालू होताना याच अडचणीतून जात असतो. त्याची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, हार्ड डिस्कवर असते. परंतु डिस्कवरील फाइल शोधून वाचण्याची विद्या त्या कार्यप्रणालीपाशीच असते, आणि वीज मिळून प्रोसेसर जागा होतो तेव्हा स्मृती कोरी असते. ही कोंडी फोडण्याचे काम दोघांकडे सोपविलेले आहे: एक, मुख्य बोर्डावरील चिपमध्ये कायम वस्तीला असलेले फर्मवेअर, आणि दुसरा, त्या फर्मवेअरने डिस्कवरून उचलून आणलेला लहानसा प्रोग्रॅम, जो कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, स्मृतीत आणून बसवितो व सारा कारभार त्याच्या हाती सुपूर्त करतो. या दुसऱ्यास बूटलोडर म्हणतात.

आजच्या साधारण संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसविणाऱ्यास बूटलोडरचे नाव ठाऊक नसले तरी चालते. जुन्या पॉवरपीसी यंत्रावर ते चालत नाही. ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला या तीन कंपन्यांनी १९९१ साली हातमिळवणी करून हा प्रोसेसर घडविण्याचे ठरविले, मार्च १९९४ मध्ये पहिले पॉवर मॅकिंटॉश बाजारात आले, आणि पुढे जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे वळत असल्याचे जाहीर करीपर्यंत मुद्रण आणि जाहिरात यांच्या व्यवसायात या यंत्रांना मोठा मान होता. २००७ ची लेपर्ड ही मॅकची शेवटची कार्यप्रणाली, जी पॉवरपीसीवर चालली. २००९ च्या स्नो लेपर्डने त्यांचे दार बंद केले. यंत्र धडधाकट, परंतु त्याला चालविणारी प्रणाली कालबाह्य, अशा अवस्थेत असलेले एक आयबुक जी-४ मला बोईसरच्या एका छापखान्यातून मिळाले. वर्षानुवर्षे त्यावर लग्नपत्रिका जुळविल्या गेल्या होत्या. छापखान्याचे मालक म्हणाले, ‘‘भंगारवाल्याला किलोवर द्यायला काढला होता सर, पण पडदा आणि की-बोर्ड अजून चांगला आहे, म्हणून हात धजेना.’’ त्यांचा हात धजला नाही हे योग्यच झाले. मजकूर लिहिणे, हिशेब ठेवणे, घरातील फाइलींचे दप्तर सांभाळणे एवढ्यासाठी हे यंत्र आजही पुरेसे समर्थ आहे, आणि केवळ प्रारंभाची वाट सापडत नाही एवढ्याच कारणाने ते तराजूत जाणे हा मला शुद्ध अपव्यय वाटतो.

बूटलोडरची निवड हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे पुष्कळांना वाटते, आणि येथेच घोटाळा होतो. ही निवड मुळात लिनक्सची कोणती आवृत्ती घ्यावी यावरून नव्हे, तर यंत्राच्या फर्मवेअरला डिस्कवरचे काय वाचता येते यावरून ठरते; म्हणून प्रथम यंत्राची पिढी ओळखावी. १९९४ ची अगदी आरंभीची नूबस पद्धतीची यंत्रे वेगळ्याच जातीची आहेत, त्यांचा विचार येथे करीत नाही. १९९५ पासूनच्या पीसीआय यंत्रांत ओपन फर्मवेअर आले. सन कंपनीत मिच ब्रॅडली यांनी घडविलेल्या आणि १९९४ मध्ये आयईईई १२७५ या क्रमांकाने प्रमाणित झालेल्या या पद्धतीत फर्मवेअर हे एक बंद पेटारा न राहता, ज्याच्याशी संवाद करता येईल अशी जिवंत यंत्रणा होते. मात्र १९९८ च्या ऑगस्टमधील पहिल्या आयमॅकपूर्वीची यंत्रे, ज्यांना जाणकार ‘ओल्ड वर्ल्ड’ म्हणतात, ती मॅकची मूळ आज्ञावली चिपमध्येच बाळगीत. आयमॅक व त्यानंतरची ‘न्यू वर्ल्ड’ यंत्रे तीच आज्ञावली डिस्कवरील फाइलमधून घेऊ लागली. डिस्कवरची फाइल उचलण्याची ही सवय लिनक्सच्या फारच पथ्यावर पडली.

ओल्ड वर्ल्ड यंत्रासाठी दोन वाटा आहेत. पॉल मॅकेरास यांचा ‘क्विक’ हा ओपन फर्मवेअरमधून थेट लिनक्सकडे नेतो, परंतु त्या काळच्या फर्मवेअरमध्ये दोष पुष्कळ होते; अनेक यंत्रांत त्याचा संवाद पडद्यावर न उमटता मोडेमच्या पोर्टवर जातो, म्हणजे पाहणाऱ्यास केवळ काळा पडदा दिसतो; शिवाय क्विकची सारी भिस्त बॅटरीवर तगून राहिलेल्या स्मृतीतील नोंदींवर असते. पालघरच्या किनारपट्टीवरील खाऱ्या, दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातील ती लहानशी बॅटरी प्रथम बदलावी, मगच क्विकच्या नादी लागावे. दुसरी वाट बेंजामिन हेरेनश्मिट यांच्या ‘बूटएक्स’ची. येथे आधी जुने मॅक ओएस चालू होते आणि मग बूटएक्स त्याला बाजूस सारून लिनक्सच्या कर्नेलला स्मृतीत आणतो. डिस्कचा थोडा भाग मॅक ओएसला कायमचा द्यावा लागतो खरा, परंतु प्रारंभ हमखास होतो, आणि माझ्या मते ओल्ड वर्ल्ड यंत्राच्या मालकाने दुसरे काही करू नये.

न्यू वर्ल्ड यंत्राची गोष्ट अधिक रम्य आहे. कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ या चार कळा एकदम दाबून आयबुक चालू केले, तेव्हा पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत यंत्राचे नाव व फर्मवेअरचा क्रमांक उमटला, प्रारंभ पुढे चालू ठेवायचा असल्यास ‘मॅक-बूट’ टंकित करावे अशी सूचना आली, आणि खाली शून्य व त्यापुढे बाणाचे टोक असे चिन्ह थांबून राहिले. दोन, तीन, अधिकचिन्ह आणि टिंब, मध्ये मोकळी जागा सोडून टंकित केले की यंत्र पाच हा आकडा लिहून ‘ओके’ म्हणते. कारण हे फर्मवेअर चार्ल्स मूर यांच्या फोर्थ या भाषेत बोलते, जिच्यात आधी संख्या रचून ठेवायच्या आणि मागाहून क्रिया सांगायची. हार्ड डिस्क नाही, कार्यप्रणाली नाही, तरीही यंत्र गणित करते, हे पाहताना संगणक म्हणजे काय याचा उलगडा जितका स्वच्छ होतो तितका तो अन्यत्र क्वचितच होतो. ‘प्रिंटएन्व्ह’ असा हुकूम दिला की फर्मवेअर आपल्या सर्व नोंदी वाचून दाखविते, आणि त्यांत ‘बूट-डिव्हाइस’ या नोंदीपुढे प्रारंभ कोठून करायचा त्याचा पत्ता असतो.

हा पत्ता जेथे पोहोचतो तेथे हेरेनश्मिट यांचाच ‘याबूट’ बसवायचा असतो. ओपन फर्मवेअरला डिस्कवरील लिनक्सचे विभाग, म्हणजे पार्टिशन, वाचता येत नाहीत. त्याला फाइली मांडण्याची मॅकची एचएफएस पद्धती समजते. यास्तव डिस्कवर ‘ॲपल बूटस्ट्रॅप’ नावाचा, केवळ ८०० किलोबाइटांचा एक एचएफएस विभाग काढावा लागतो; विभाग काढणाऱ्या ‘मॅक-एफडिस्क’ या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी बी हे एकच अक्षर पुरते. या विभागातील फोल्डरवर ‘येथून प्रारंभ करावा’ अशी खूण असावी लागते आणि आतील फाइलचा प्रकार ‘टीबीएक्सआय’ असावा लागतो. ही कामे हातांनी करण्याची गरज नाही. ईथन बेन्सन यांच्या ‘वायबिन’ संचातील ‘एमकेओएफबूट’ हा हुकूम काढलेला विभाग एचएफएससाठी सज्ज करून ती सर्व तजवीज करतो.

खरी दक्षता ‘याबूट.कॉन्फ’ या फाइलमध्ये घ्यावी लागते. विभागांची गणती करताना विभागांचा नकाशा हाच पहिला विभाग धरला जातो, म्हणून बूटस्ट्रॅप बहुधा दुसरा व लिनक्स तिसरा किंवा त्यापुढचा येतो. ‘बूट=’ यापुढे बूटस्ट्रॅपचा विभाग लिहावा, लिनक्सचा नव्हे; ‘पार्टिशन=’ यापुढे ज्या विभागात कर्नेल आहे त्याचा क्रमांक, आणि ‘इमेज=’ यापुढे कर्नेलचा मार्ग. कर्नेलसाठी स्वतंत्र बूट विभाग केला असेल तर हा मार्ग त्या विभागाच्या मुळापासून मोजला जातो, म्हणून त्यात ‘बूट’ हे फोल्डरचे नाव पुन्हा घालायचे नाही. एकाच फाइलमध्ये ‘डिले’ ही मुदत सेकंदांत आणि ‘टाइमआउट’ सेकंदाच्या दशांशांत मोजली जाते. तेव्हा पन्नास लिहिले तर एके ठिकाणी पन्नास सेकंद थांबावे लागेल आणि दुसरीकडे पाच. फाइलमध्ये बदल केला की त्याच संचातील ‘वायबिन’ हा हुकूम चालवावा, कारण याबूट वाचतो ती बूटस्ट्रॅप विभागातील नक्कल, मूळ प्रत नव्हे.

याबूटचा उमेदीचा काळ आता सरला आहे. तो लिनक्सच्या एक्स्ट२ व एक्स्ट३ या फाइल-पद्धतींच्या जमान्यात लिहिला गेला, आणि एक्स्ट४ वर त्याच्यावर विसंबणे धोक्याचे; अशा वेळी कर्नेलपुरता एक्स्ट२ चा लहान विभाग राखावा. लिनक्सच्या डेबियन या वितरणाने २०१५ च्या जेसी आवृत्तीनंतर ३२ बिटी पॉवरपीसीला अधिकृत यादीतून वगळले. स्वयंसेवक ‘पोर्ट्स’ म्हणून जे काम पुढे चालवीत आहेत त्यात ‘ग्रब’ हा बूटलोडर वापरला जातो. ग्रबला एक्स्ट४ आणि अन्य नव्या पद्धती वाचता येतात, आणि त्याच्या पडद्यावरच नोंद दुरुस्त करून पुढे जाता येते. त्यालाही फर्मवेअरसाठी खूण केलेला एचएफएस विभाग लागतोच, आणि ग्रबची मॉड्यूलही तेथेच ठेवायची तर तो चांगला ऐसपैस हवा. नव्या डेबियनसाठी ग्रब आणि जुन्या आवृत्तीसाठी याबूट, असा माझा कौल आहे. चालता याबूट केवळ हौसेखातर उखडू नये.

बूटलोडर बसला म्हणजे कर्नेलला द्यावयाच्या सूचना उरतात. रेडिऑन चित्रचिप असलेल्या आयबुक-पॉवरबुकवर पडदा गोठत असेल तर ‘रेडिऑन.एजीपीमोड=-१’ ही सूचना पुष्कळदा गुण देते. त्याच डिस्कवर मॅक ओएस असेल आणि तेथे कोणी प्रारंभाची डिस्क नव्याने निवडली, तर ‘बूट-डिव्हाइस’ची नोंद बदलते आणि याबूट दिसेनासा होतो. तो पुसलेला नसतो; ऑप्शन कळ दाबून यंत्र चालू केले की यादीत त्याचे चित्र सापडते, आणि लिनक्समध्ये शिरून वायबिन चालविला की पूर्वस्थिती येते. आयबुकची बॅटरी बहुधा निकामी झालेली असते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून विभाग काढण्याचे काम इन्व्हर्टरवर करावे, प्रतिष्ठापनेची सीडी हाताशी ठेवावी, आणि नवा कर्नेल दोन-चार वेळा सुखरूप चालू होईपर्यंत जुन्या कर्नेलची नोंद ‘ओल्ड’ या नावाने यादीत राहू द्यावी.