घाटमाथ्यावर पहिला

१९५४ची टूर द फ्रान्स. ल्याँहून ग्रेनोबलला जाणाऱ्या टप्प्यात एक हडकुळा स्पॅनिश गडी रोमेयेर घाटाच्या माथ्यावर सगळ्यांच्या आधी पोहोचला, सायकलवरून उतरला आणि चक्क आइस्क्रीम खात उभा राहिला. फेदेरिको बाहामोंतेसची ही गोष्ट सायकलप्रेमी अजून रंगवून सांगतात. लोक म्हणाले, एकट्याने घाट उतरायची त्याची छाती झाली नाही. त्याचा खुलासा निराळा होता : मोटारीच्या चाकाखालून दगड उडाला, स्पोक तुटले, मग मेकॅनिक येईपर्यंत करायचं काय? असेलही तसं. पण उताराला तो बिचकायचा, यात वाद नाही.

सपाटीवर सायकलपटूची झुंज वाऱ्याशी असते. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की बरीच ताकद वाचते, म्हणून सगळा जथा एकत्र पळतो. चढ लागला, वेग उतरला, की हा आडोसा जवळजवळ कुचकामी होतो. मग ओढायचं असतं ते आपलंच वजन. दर किलोमागे ज्याच्या पायांत जास्त जोर, तो पुढे सटकतो. धिप्पाड गडी मागे धापा टाकतात. मात्र हेच हलकं अंग सपाटीवर घड्याळाशी एकट्याने झुंजताना कमी पडतं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणारा 'घाटाचा राजा' ठरतो. टूरमध्येही १९३३पासून घाटमाथ्यांवरच्या गुणांची वेगळी स्पर्धा आहे. शर्यत मात्र एकूण वेळेवर ठरते. १९५४ला बाहामोंतेस गुणांत पहिला आला आणि एकूण क्रमवारीत पंचविसावा!

त्याचा जन्म १९२८चा, तोलेदो शहराजवळचा. यादवी युद्धानंतरच्या उपासमारीच्या वर्षांत त्याने बाजारात हमाली केली, काळ्या बाजारातलं पीठ आणि पाव सायकलवरून वाहिले. पोलिसांना चुकवत ओझ्यासकट चढ चढायचे, हीच त्याची तालीम. पुढे तो 'तोलेदोचा गरुड' झाला.

स्वभाव मात्र विलक्षण लहरी. १९५७च्या टूरमध्ये हात दुखायला लागला, तसा तो रस्त्याच्या कडेला बसला आणि बूटच काढून टाकले. पथकातल्यांनी विनवलं : बायकोसाठी चल, स्पेनसाठी चल, निदान हुकूमशहा फ्रँकोसाठी तरी चल. गडी हलला नाही.

त्याला वळण लावलं इटलीच्या फाउस्तो कोप्पीने. स्वतः दोनदा टूर जिंकलेल्या कोप्पीने १९५९ला त्याला आपल्या नावाच्या पथकात घेतलं आणि बजावलं, की डोंगरावरच्या गुणांमागे धावणं सोड, तू अख्खी टूर जिंकू शकतोस. त्या वर्षी बाहामोंतेसने सबुरी दाखवली. पुई द दोम या ज्वालामुखीवर साडेबारा किलोमीटरची एकट्याने चढायची शर्यत होती. ती त्याने मारली आणि ग्रेनोबलला एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी अंगावर चढवली. फ्रेंचांची आपसातली भाऊबंदकीही पथ्यावर पडली. आंकेतिल आणि रिव्हिएर या फ्रेंच संघातल्या दोन मानकऱ्यांना फ्रान्सच्याच प्रादेशिक संघातला आँरी आँग्लाद जिंकण्यापेक्षा हा स्पॅनिश परवडला, असं तेव्हापासून बोललं जातं. आँग्लाद चार मिनिटं एका सेकंदाने दुसरा आला. टूर जिंकणारा पहिला स्पॅनिश म्हणून बाहामोंतेस पॅरिसला पोहोचला तो दिवस होता १८ जुलै, फ्रँकोच्या उठावाचा वर्धापनदिन. राजवटीला आणखी काय हवं होतं?

१९६३ला पुन्हा संधी आली. पस्तिशीतल्या बाहामोंतेसने आल्प्समध्ये अवघ्या तीन सेकंदांच्या फरकाने पिवळी जर्सी आंकेतिलच्या पुढ्यातून उचलली. दुसऱ्याच दिवशी फोर्क्लाझचा खडा घाट. बिघाडाशिवाय सायकल बदलायला तेव्हा मनाई होती. आंकेतिलने बिघाड झाल्याची ओरड केली, पथकप्रमुख जेमिनियानीने पुढे होऊन केबल तोडली, आणि पंचांसमोर 'बिघाड' सिद्ध झाला. चढाला हलकी सायकल, माथा ओलांडल्यावर पुन्हा नेहमीची! चढात बाहामोंतेसला त्याला झटकता आलं नाही, शामोनीच्या रेषेवर आंकेतिलने त्याला मागे टाकलं आणि जर्सी परत घेतली. बाहामोंतेस एकूण दुसरा आला. लबाडी म्हणावी की डोकं, हे ज्याने त्याने ठरवावं. डोंगरातल्या राजाला डोंगरातच गाठलं, एवढं खरं.

१९६५ला तो थांबला, पुढे तोलेदोत सायकलचं दुकान चालवलं. घाटांच्या राजाची ठिपक्यांची जर्सी आली १९७५ला, त्यामुळे सहा वेळा तो किताब मिळवूनही ती त्याच्या अंगावर कधी चढली नाही. बेल्जियमच्या ल्यूसिएन व्हान इंपनेही सहा किताब मिळवले आणि बाहामोंतेसचा मान राखून सातव्याच्या मागे लागलो नाही, असं सांगितलं. फ्रान्सच्या रिशार विरांकने असला संकोच न करता २००४ला सातवा घेतला. २०२३मध्ये ९५व्या वर्षी वारलेल्या म्हाताऱ्याचं त्यावरचं मत ठाम होतं : विरांक जर चढाईचा गडी, तर मी नेपोलियन!