जुन्या दिवसांची ओढ, पण हिशेबासकट

अमेरिकेतलं जुनं कंट्री संगीत म्हणजे 'गेले ते दिवस' म्हणत टाकलेले उसासे, असा शिक्का त्याच्यावर बसलाय. मला तो अर्धाच खरा वाटतो. डॉली पार्टनचं १९६८ चं 'इन द गुड ओल्ड डेज (व्हेन टाइम्स वेअर बॅड)' घ्या. टेनेसीच्या डोंगराळ भागात बारा भावंडांत वाढलेली ही गायिका आठवणींना अनमोल ठरवते आणि त्याच दमात पुन्हा तसं जगायला साफ नकार देते. १९७० च्या 'कोल मायनर्स डॉटर'मध्ये लोरेटा लिन खाणकामगार वडिलांचा अभिमान सांगते, पण गरिबी झाकत नाही. बॉबी बेअरने १९६३ मध्ये गाजवलेल्या 'डेट्रॉइट सिटी'चा नायक तर मोटारींच्या शहरात राबणारा दक्षिणेकडचा मजूर. विसाव्या शतकात लाखो दक्षिणी माणसं पोटासाठी उत्तरेच्या कारखान्यांत गेली. या गाण्यांतली हळहळ गेलेल्या काळाइतकीच सुटलेल्या गावाचीही आहे.

द जड्स या गायिकांच्या जोडीच्या १९८६ मधल्या 'ग्रँडपा'मध्ये भूतकाळ फारच सोज्वळ दिसतो, हा आक्षेप रास्त आहे. तरी ते गाणंही आजोबांना विचारतं, की हे सगळं खरंच तसं होतं का? वर्णभेदाचा आक्षेप मात्र जास्त टोकदार आहे. 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचा लाडका कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली याला दौऱ्यांत गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलांत खोली मिळत नसे. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातूनही काढलं गेलं. त्याच्यासाठी तो काळ सोन्याचा कसा असेल? यावर ही गाणी बहुतेक गप्पच राहतात. म्हणून ती साऱ्या अमेरिकेचा इतिहास मानू नयेत. घर सुटलेल्या एका कष्टकरी वर्गाची साक्ष म्हणून ऐकावीत. सुरुवात डॉलीपासूनच करा.