लंडनचा ठोका, मुंबईचा पडदा

१९८० साली ‘कुर्बानी’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या संगीताची जबाबदारी कल्याणजी-आनंदजी या मुरब्बी जोडीकडे होती. तथापि ज्या ‘आप जैसा कोई’ने सारा मुलूख पादाक्रांत केला, ते त्यांच्या हातचे नव्हते. निर्माते-दिग्दर्शक फिरोज खान यांनी त्या एका गीताचा मक्ता लंडनवासी बिद्दू यांना दिला होता. बिद्दू मूळचे बंगळूरचे, ‘कुंग फू फायटिंग’ या १९७४ साली जगभर गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेचे निर्माते, आणि हिंदी चित्रसृष्टीच्या शिरस्त्याला परके. शब्द इंदीवर यांचे. गायिका मात्र लंडनमध्ये वाढणारी कराचीची शाळकरी मुलगी, नाझिया हसन, जिची आणि फिरोज खान यांची गाठ तिथल्याच एका मेजवानीत पडली होती.

मुंबईत त्या काळी ध्वनिमुद्रण म्हणजे केवढा लवाजमा! वादकांचा ताफा आणि गायक बहुधा एकाच वेळी उभे राहत, आणि एकाचा सूर घसरला की साऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. लंडनच्या चोवीस ट्रॅकांच्या फितीवर ड्रम, बास गिटार, सिंथेसायझर आणि कंठ या प्रत्येकाला स्वतंत्र जागा होती. नाझियाचा आवाज कोवळा, किंचित अनुनासिक, तालमीच्या गळ्यांपुढे पातळच. बिद्दूंनी तो एकावर एक असा दुहेरी मुद्रित केला, खाली ड्रमचा अखंड, समान ठोका ठेवला, आणि भोवती वाद्यांची गर्दी होऊ दिली नाही. चाल म्हणून हे गीत फारसे श्रीमंत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे वैभव आहे ते या मांडणीत.

१९८१ साली पंधरा वर्षांच्या नाझियाला पार्श्वगायनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा जुन्या रसिकांनी नाके मुरडली. लताबाई आणि आशाबाई या दोघींनीही त्या स्पर्धेतून स्वेच्छेने अंग काढून घेतले होते, हे खरे. म्हणून या मुलीचे यश बेवारस गादीवरचा ताबा ठरवावे, हे मात्र अन्यायाचे.

हिंदीतील डिस्कोचे सगळे श्रेय या एका गाण्याच्या पदरात घालणेही गैरच, कारण बप्पी लाहिरींनी १९७९ च्या ‘सुरक्षा’तच ती वाट धरली होती. बिद्दूंचे खरे धाडस पुढचे. १९८१ मध्ये नाझिया आणि तिचा भाऊ जोहेब यांना घेऊन त्यांनी ‘डिस्को दीवाने’ हा गीतसंग्रह काढला, ज्याला ना कथानक होते, ना पडद्यावरचा नायक. भावगीतांवर पोसलेल्या मराठी श्रोत्याला चित्रपटाबाहेरच्या गाण्याचे अप्रूप नव्हते. हिंदीत मात्र तो प्रांत मुख्यत्वे गझल आणि भजन यांचा होता. हा संग्रह भारतात आणि पाकिस्तानात अमाप खपला, पण त्यामागून पॉप गायकांची रांग काही लागली नाही, कारण वाहिनी म्हणून एकटे दूरदर्शन असताना अशा गाण्यांना रोज झळकायला जागा कुठली? उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा ती मिळाली, आणि १९९५ साली अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने बाजार व्यापला. त्याचेही संगीतकार बिद्दूच होते.