वर विस्तव, खाली विस्तव

१६ डिसेंबरची पहाट. आभाळात अजून चांदण्या आहेत आणि फिलिपिन्समधली गावोगावची चर्चं माणसांनी भरून गेली आहेत. बाहेर शेगड्या पेटल्यात. मातीच्या पसरट भांड्यात शेकून मऊ केलेलं केळीचं पान, त्यावर तांदळाचं नारळाच्या दुधात कालवलेलं सरबरीत पीठ, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर रसरशीत निखारे. विकणारी बाई मधूनच झाकण उचलून बघते, खालचा विस्तव थोडा ओढते, वरचा पसरते. मिस, म्हणजे चर्चमधली उपासना, संपून माणसं बाहेर येतात तोवर पहिली बिबिंका पानासकट उतरलेली असते. कडेला करपलेली, मध्ये लुसलुशीत. वर खारवलेल्या बदकाच्या अंड्याच्या चकत्या, म्हशीच्या दुधाचं पांढरं चीज आणि ओल्या खोबऱ्याचा कीस.

या पहाटेच्या मिसांना ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात. १६ ते २४ डिसेंबर, ओळीनं नऊ दिवस. शेतकऱ्याला उन्हं चढायच्या आत शेतावर जायचं असे, म्हणून मिस पहाटे ठेवली, असं तिथं सांगतात. कार्तिकातल्या काकडआरतीला गेलेल्या माणसाला ही थंडी आणि हा उत्साह वेगळा समजावून सांगायला नको. नऊच्या नऊ पहाटा न चुकवणाऱ्याची इच्छा पुरी होते, ही श्रद्धाही ओळखीचीच. दारोदार टांगलेला ‘पारोल’ तर आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ वाटावा: बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि चांदणीचा आकार.

बिबिंकेच्या शेजारी हमखास दुसरी शेगडी असते, ‘पुतो बुंबोंग’ची. बुंबोंग म्हणजे बांबूची नळी. चिकट तांदूळ आणि ‘पिरुरुतोंग’ नावाचा जांभळा तांदूळ भिजवून वाटायचा, फडक्यात बांधून पाणी निथळवायचं आणि ते मोकळं पीठ नळीत हलकेच भरून वाफवायचं. पीठ दाबून भरलं तर वाफ वर चढत नाही. मग नळी केळीच्या पानावर आपटली की जांभळी कांडी बाहेर घसरते. तिच्यावर लोणी, खोबरं आणि गुळाच्या चवीची तपकिरी साखर. केरळचं पुट्टू आठवावं अशीच ही रीत. पिरुरुतोंग आता महाग आणि दुर्मीळ झालाय, म्हणून पुष्कळ ठिकाणी जांभळ्या रंगावर भागवतात. रंग साधतो, पण त्या तांदळाचा वास आणि चव त्यात कुठून येणार?

बिबिंका हे नाव ऐकून गोवेकराचे कान टवकारतील. गोव्याच्या बिबिंकला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती मैद्याची, अंड्याच्या बलकाची, तुपाची आणि थरांची. फिलिपिनो बिबिंका तांदळाची आणि एकसंध. नाव कुठून कुठं गेलं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. दोन्हींत नारळाचं दूध मात्र आहे, आणि जुन्या पद्धतीत वरून निखाऱ्यांची धग देणंही आहे.

२४ तारखेच्या मध्यरात्री घराघरांत ‘नोचे बुएना’चं ताट मांडलं जातं. त्यात जहाजांनी आणलेलं पुष्कळ आहे. अननसाच्या रसात शिजवून साखरेनं चकाकवलेला हॅम, लाल मेणाच्या कवचातलं गोल एडाम चीज म्हणजे ‘केसो दे बोला’, चिनी व्यापाऱ्यांकडून आलेले ‘पान्सित’ नूडल्स आणि ‘लुम्पिया’ रोल, ऐपत असेल तिथं अख्खं भाजलेलं डुक्कर. मनिलाच्या कियापो भागातल्या हॅमच्या दुकानापुढं डिसेंबरभर रांगा लागतात. १९७५च्या कायद्यानं नोकरदारांना तेरावा पगार मिळतो, तोही २४ डिसेंबरच्या आत. व्यापार खातं या ताटातल्या जिनसांचं दरपत्रक दरवर्षी काढतं. एका जेवणाची सरकारदरबारी एवढी दखल क्वचितच घेतली जाते.

घट्ट चॉकलेटचा पेला त्याआधी पहाटेपासूनच सोबतीला असतो. मनिला-अकापुल्को जहाजांची ये-जा १५६५ ते १८१५ चालली आणि कोको मेक्सिकोहून इथं पोचला. कोकोच्या वड्या उकळून ‘बातिरोल’नं घुसळतात. हे बातिरोल म्हणजे आपली लाकडी रवीच, तळहातांत फिरवायची. चॉकलेट घट्ट की पातळ यावरून पाहुण्याची पायरीही ठरे. होसे रिझालनं १८८७च्या ‘नोली मे तांगेरे’ कादंबरीत एका पाद्र्याची ही लबाडी नेमकी टिपली आहे: नोकराला घातलेल्या हाकेच्या शेवटच्या स्वरावरून पेल्यात काय येणार ते ठरायचं.

मुलं मात्र नोचे बुएनाच्या ताटात आधी स्पॅगेटी शोधतात. ती गोड असते, सॉसेजचे तुकडे घातलेली, आणि त्या गोडीमागं केळ्याचं केचप असतं. त्याचं श्रेय मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंना दिलं जातं. अमेरिकेत शिकून त्या मायदेशी परतल्या आणि परदेशी डबाबंद मालावर देशाला अवलंबून राहायला लागू नये म्हणून स्थानिक पिकांवर काम करत राहिल्या. वीज नसलेल्या घरांसाठी त्यांनी मातीच्या मडक्याची भट्टीही तयार केली. दुसऱ्या महायुद्धात सोयाबीनपासून त्यांनी बनवलेलं पौष्टिक पीठ छावण्यांतल्या कैद्यांपर्यंत चोरून पोचवलं गेलं. फेब्रुवारी १९४५मध्ये मनिलाच्या लढाईत त्या मारल्या गेल्या. गोड स्पॅगेटीला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा ही गोष्ट वाचावी.

नोचे बुएनाच्या ताटाला ‘स्पॅनिश वारसा’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. डोरीन फर्नांडेझ (१९३४–२००२) या खाद्यलेखिकेनं आयुष्यभर त्याची दुसरी बाजू मांडली: बाहेरून आलेला पदार्थ इथल्या चुलीवर, इथल्या जिभेसाठी बदलतो आणि इथलाच होतो.

आठवड्यानं येणाऱ्या ३१ डिसेंबरच्या ‘मेदिया नोचे’त बारा महिन्यांसाठी बारा गोल फळं मांडतात, कारण गोल म्हणजे नाणं. पान्सित दीर्घायुष्यासाठी, चिकट भाताची मिठाई लक्ष्मी चिकटून राहावी म्हणून. कोंबडी पुष्कळ घरांत टाळतात. ती माती उकरते तेव्हा कुठं एक दाणा टिपते. हातावर पोट असणाऱ्यासाठी तागालोग भाषेत हाच वाक्प्रचार आहे.

लक्षावधी फिलिपिनो आज परमुलखात असतात. दुबईत सिम्बांग गाबी कामाच्या वेळा सांभाळून संध्याकाळी भरते. तिथल्या घरांत बिबिंका ओव्हनमध्ये होते, केकच्या डब्यात, बर्फात गोठवून आलेल्या केळीच्या पानावर. ती फुगून आली की शेवटची दोन मिनिटं खालची आच बंद करून फक्त वरची सळई लाल करतात, डोळे न हलवता, कडा काळपट होईपर्यंत.