विंचवाच्या विषातून औषधाची वाट

कोकणातील लाल विंचवाचा दंश म्हणजे केवळ असह्य वेदना नव्हे. तो जिवावर बेततो, आणि लहान मुलांना त्याचा धोका अधिक असतो. मात्र ज्या विषाने हृदय निकामी होऊ शकते, त्याच स्वरूपाच्या विषांतून उद्याची औषधे मिळतील, अशी आशा जनुकशास्त्रज्ञांना वाटत आहे.

विंचवाचे विष हा एकच पदार्थ नसून अनेक लहानमोठ्या प्रथिनांचे मिश्रण असते. मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियम, पोटॅशियम यांच्या ये-जा करण्यासाठी सूक्ष्म द्वारे असतात. विषातील बरीचशी प्रथिने ठरावीक द्वारांनाच नेमकी चिकटतात. लाल विंचवाच्या विषामुळे सोडियमची द्वारे उघडी राहतात. शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येऊन फुफ्फुसांत पाणी साठते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे दुष्टचक्र ओळखून १९८० च्या दशकात रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ हे औषध विंचुदंशावर वापरले आणि अनेकांचे प्राण वाचवले. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरे होतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ७० रुग्णांच्या अभ्यासातून दिसून आले.

विषाचा हाच अचूक नेम औषधशास्त्राला हवा आहे. अडचण अशी, की एका विंचवापासून मिळणारे विष अत्यल्प असते. येथे जनुकशास्त्र मदतीला येते. विषग्रंथीत कोणती जनुके कार्यरत आहेत, हे वाचल्यावर प्रथिनांची रचना कळते. तेच जनुक जिवाणूंत घालून हवे ते प्रथिन प्रयोगशाळेत तयार करता येते. २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ‘मेसोब्युथस मार्टेन्साय’ या विंचवाचा जनुकसंच उलगडला. त्यात ३२ हजारांहून अधिक जनुके आढळली. रोगजंतूंशी लढणाऱ्या साध्या प्रथिनांपासूनच काही विषे उत्क्रांत झाली असावीत, असे जनुकांच्या तुलनेतून दिसते.

सर्वाधिक चर्चा आहे ती ‘क्लोरोटॉक्सिन’ची. उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील ‘डेथस्टॉकर’ विंचवाच्या विषातील हे प्रथिन अवघ्या ३६ अमिनो आम्लांचे असून ते मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटते. सिएटल येथील डॉ. जेम्स ओल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला चमकणाऱ्या रंगद्रव्याची जोड दिली. उंदरांवरील त्यांचे प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ कोठे संपते आणि निरोगी मेंदू कोठे सुरू होतो, हे शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यांना दिसावे, हा त्यामागील उद्देश. पुढे माणसांवरही त्याच्या चाचण्या झाल्या. लाल विंचवाच्या विषातील ‘आयबेरिओटॉक्सिन’ पोटॅशियमची विशिष्ट द्वारे बंद करते. त्यामुळे संशोधनाचे साधन म्हणून ते प्रयोगशाळांत वापरले जाते.

अर्थात, प्रयोगशाळेपासून औषधाच्या दुकानापर्यंतचा मार्ग लांबचा आहे. प्रथिने पोटात पचून जातात, ती योग्य पेशीपर्यंत पोहोचवणे कठीण असते आणि मूळ विषारीपणाचा धोकाही तपासावा लागतो. तोवर विंचुदंशावर मंत्रतंत्रात वेळ न दवडता रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे, हाच खरा उतारा आहे.