फळीचे झाले बोर्ड

पुस्तकांची मांडणी करून घ्यायला लकडगंजात गेलो होतो. करवतीच्या आवाजावर आवाज चढवून मिस्त्रींनी विचारले, "सर, बोर्डाची करू की सागवानाची? सागवानाला वेळ लागेल. पोरीचं यंदा बोर्ड आहे, रात्रीचं काम बंद केलंय."

एका दमात दोन बोर्ड! एक लाकडाचा, दुसरे परीक्षेचे. आणि गंमत अशी की मूळ एकच. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी. जहाजाची कड दाखवणारा दुसरा तसाच शब्द पुढे तिच्यात मिसळला, तो भाग सोडून देऊ. दोन आधारांवर फळी टाकली की जेवणाचे मेज होई. मग मेजावरच्या अन्नालाच बोर्ड म्हणू लागले. आपले विद्यार्थी राहतात ते बोर्डिंग त्यातलेच. आपल्याकडे तरी निराळे काय? 'पाटपाणी करा' म्हटल्यावर कोणी सुताराला बोलावीत नाही!

पुढे मेजाभोवती बसून कारभार पाहणारी माणसेच बोर्ड झाली. कंपनी सरकारवर देखरेखीसाठी लंडनमध्ये 1784 साली नेमलेले 'बोर्ड ऑफ कंट्रोल' हे असलेच. परीक्षा घेणारे मंडळ म्हणजे बोर्ड, आणि आता खुद्द परीक्षाच बोर्ड.

मी म्हटले, "सागवानाचीच करा, पण परीक्षा झाल्यावर. पोर अभ्यासाला बसते कुठे?"

"इथंच, मागं. दोन घोड्यांवर फळी टाकून दिलीय."